मुदत संपण्याआधीची विक्री: विकणाऱ्याच्या पदरात काय?

(लखनौ येथे मराठी भाषक कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



लखनौत मराठी माणूस पोटासाठी आला. कुणी रेल्वेच्या कारखान्यात, कुणी विमानांच्या कारखान्यात, कुणी सरकारी कचेरीत. सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडची गलाई कामगारांची घरे तर देशभरच्या सराफ बाजारांत विखुरली आहेत. अशा श्रोत्यांपुढे आज आम्ही क्रिकेटबद्दल बोलणार आहोत. कामगार संघटनेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण माणसाच्या श्रमाचा भाव आपल्या देशात चारचौघांत, हातोडा आपटून पुकारला जातो अशी एक जागा आहे, आणि ती म्हणजे आयपीएलचा लिलाव. शहीद पथालगतच्या इकाना स्टेडियमवर खेळणारा लखनौ सुपर जायंट्स हा संघ याच बाजारात माणसे घेतो आणि विकतो. मालक आणि कामगार यांच्यातला व्यवहार इथे उघड्यावर दिसतो, म्हणून तो अभ्यासण्यासारखा आहे.

प्रश्न असा आहे. एखादा उत्तम खेळाडू मालकाकडे कराराने बांधलेला आहे. कराराची मुदत संपत आली आहे. मुदत संपली की तो हातचा जाणार. तेव्हा मुदत संपण्याआधीच त्याला दुसऱ्या मालकाला विकून टाकावे, म्हणजे काहीतरी पदरात पडेल, असा हिशेब मालक करतो. हा हिशेब बरोबर ठरतो का? आणि त्यातून आपण काय शिकायचे?

सौद्याची रीत

आयपीएलमध्ये अलीकडे साधारण तीन वर्षांचे चक्र राहिले आहे. २०२२ च्या आरंभी मोठा लिलाव झाला, त्यानंतरचा नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथे झाला. मोठ्या लिलावाआधी प्रत्येक मालकाला मोजकेच खेळाडू राखता येतात, बाकीचे बाजारात जातात. मधल्या वर्षांत ठरावीक काळात मालकांना आपसात खेळाडूंची अदलाबदल करता येते, किंवा रोख घेऊन खेळाडू देता येतो. खेळाडूचे वेतन नव्या मालकाच्या खर्चमर्यादेत धरले जाते. याशिवाय दोन मालकांमध्ये हस्तांतराची वेगळी रक्कम ठरू शकते. ती मर्यादेत धरली जात नाही आणि जाहीरही केली जात नाही.

म्हणजे विकणाऱ्याला तीन गोष्टी मिळू शकतात: बदली खेळाडू, खर्चमर्यादेत मोकळी झालेली जागा, आणि पडद्याआडची रक्कम. पहिल्या दोन सर्वांना दिसतात. तिसरी फक्त मालकाच्या वहीत असते. पुढची उदाहरणे ऐकताना हे ध्यानात ठेवावे.

लखनौचा अनुभव

आवेश खान या वेगवान गोलंदाजाला लखनौने २०२२ च्या लिलावात १० कोटी रुपयांना घेतले. भारताकडून तोवर न खेळलेल्या खेळाडूसाठी ती त्या वेळची सर्वांत मोठी बोली होती. पहिल्या वर्षी त्याने १८ बळी घेतले, दुसऱ्या वर्षी ८. मोठ्या लिलावाला एकच हंगाम उरला असताना, नोव्हेंबर २०२३ मध्ये, लखनौने त्याला राजस्थानला दिले आणि बदल्यात ७ कोटी ७५ लाखांचा देवदत्त पडिक्कल घेतला. कागदावर सौदा चांगला होता. सव्वादोन कोटींची जागा मोकळी झाली आणि फलंदाज मिळाला.

पुढे काय झाले? २०२४ च्या हंगामात आवेशने राजस्थानसाठी १९ बळी घेतले आणि तो संघ अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत गेला. पडिक्कलने लखनौसाठी ७ सामन्यांत ३८ धावा केल्या. आधीची दोन वर्षे बाद फेरी गाठणारा लखनौ सातवा आला. आणि नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात याच लखनौने याच आवेशला ९ कोटी ७५ लाख मोजून परत आणले! वर्षभरापूर्वी विकलेली वस्तू दुकानदाराने जवळजवळ त्याच भावाने परत विकत घ्यावी, तसा हा प्रकार झाला.

दुसरे उदाहरण के. एल. राहुलचे. तो लखनौचा पहिला कप्तान, वेतन १७ कोटी. मे २०२४ मध्ये हैदराबादला दारुण पराभव झाल्यावर मालकांनी त्याच्याशी मैदानाच्या कडेला केलेले बोलणे साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. मुकादमाने कामगाराला खात्यात सर्वांदेखत बोलावे, ते दृश्य आपल्याला नवे नाही. राहुलला लखनौने विकले नाही आणि राखलेही नाही, मुदत संपू दिली. बदल्यात संघाला कुणी मिळाले नाही, फक्त जागा मोकळी झाली. ती जागा ऋषभ पंतवर २७ कोटी लावून भरली. आयपीएलच्या लिलावातली तोवरची ती सर्वांत मोठी बोली होती. २०२५ मध्ये दिल्लीने १४ कोटींना घेतलेल्या राहुलने ५३९ धावा केल्या, तर पंतने २६९. लखनौ पुन्हा सातवा.

म्हणजे लखनौने एकाला मुदतीआधी विकले आणि दुसऱ्याची मुदत संपू दिली. दोन्ही वेळा मैदानावर तोटाच झाला.

गुजरात आणि हार्दिक

याच काळातला सर्वांत गाजलेला सौदा हार्दिक पंड्याचा. त्याच्या कप्तानीत गुजरात २०२२ मध्ये विजेता झाला, २०२३ मध्ये उपविजेता. नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातने त्याला रोखीने मुंबईला दिले. १५ कोटींचे वेतन मुंबईच्या खात्यावर गेले, वरची हस्तांतराची रक्कम कधीच जाहीर झाली नाही. २०२४ मध्ये विकणारा गुजरात आठवा आला आणि विकत घेणारी मुंबई दहावी, म्हणजे शेवटची. २०२५ मध्ये मात्र दोघेही बाद फेरीत पोहोचले. या सौद्यात कोण जिंकले? मैदानावरून सांगता येत नाही. गुजरातच्या मालकाला तो भरपाई वाटला असेल, तर त्याचे उत्तर त्याच्या वहीत आहे. ती वही कामगारालाही दिसत नाही आणि तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकालाही नाही.

अमेरिकेतला जुना धडा

हा प्रश्न आधी उभा राहिला तो अमेरिकेत, बेसबॉलच्या धंद्यात. तिथे दीर्घकाळ असा नियम होता की करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क मालकाकडेच राही. तो दुसरीकडे जाऊ शकत नसे, पण मालक त्याला हवा तिथे पाठवू शके. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लडला असेच फिलाडेल्फियाला देण्यात आले. आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, असे त्याने ठणकावून कळवले आणि तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी तो हरला. त्याची कारकीर्दही त्या लढ्यात गेली.

न्यायालयात जे मिळाले नाही ते संघटनेने मिळवले. खेळाडूंच्या संघटनेने १९६६ मध्ये मार्व्हिन मिलर यांना नेता म्हणून आणले. हे गृहस्थ खेळाडू नव्हते, पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये अर्थतज्ज्ञ म्हणून काम केलेले कार्यकर्ते होते. त्यांनी आधी सामुदायिक करारात तटस्थ लवादाची तरतूद करून घेतली. त्याच लवादापुढे डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ यांनी निवाडा दिला की जुना करार संपून एक वर्ष झाले की खेळाडू मोकळा. १९७६ च्या करारात सहा वर्षांच्या सेवेनंतर मोकळीक, असे सूत्र ठरले.

निवाडा येताच ओकलंडचे मालक चार्ल्स फिनली यांची धांदल उडाली. १९७२, ७३ आणि ७४ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवणारा त्यांचा संघ होता. एप्रिल १९७६ मध्ये त्यांनी रेजी जॅक्सनला बाल्टिमोरला देऊन डॉन बेलर आणि इतर खेळाडू घेतले. जूनमध्ये व्हिडा ब्लूला १५ लाख डॉलरना, जो रूडी आणि रॉली फिंगर्स यांना प्रत्येकी १० लाख डॉलरना विकायला काढले. आयुक्त बोवी कून यांनी ही रोखीची विक्री रद्द केली. हंगाम संपल्यावर रूडी आणि फिंगर्स मोकळे होऊन निघून गेले, आणि जॅक्सनच्या बदल्यात आलेला बेलरही गेला. १९७७ मध्ये ओकलंड आपल्या गटात शेवटचा आला. ज्या मालकाने चांगल्या वेतनाचे करार वेळेवर केले नाहीत, त्याला शेवटच्या क्षणीची विक्री वाचवू शकली नाही.

आता अलीकडची उदाहरणे पाहू. वॉशिंग्टनने हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलर देऊ केले होते. त्याने नाकारले. त्याच्या मोकळिकीला अडीच हंगाम बाकी असताना, ऑगस्ट २०२२ मध्ये, वॉशिंग्टनने त्याला सॅन डिएगोला दिले. बदल्यात मिळालेल्या तरुणांपैकी तिघे पुढे ऑल-स्टार सामन्यासाठी निवडले गेले. तरीही २०२५ मध्ये वॉशिंग्टनचा संघ १६२ पैकी ९६ सामने हरला. सॅन डिएगोने एकच हंगाम बाकी असताना सोटोला न्यूयॉर्क यांकीजना दिले आणि बदल्यात गोलंदाज घेतले. २०२४ मध्ये ते बाद फेरीत पोहोचले. बॉस्टनने मुकी बेट्सला मोकळिकीआधी एक वर्ष, फेब्रुवारी २०२० मध्ये, लॉस एंजेलिसला दिले. बेट्स असताना लॉस एंजेलिसने २०२०, २०२४ आणि २०२५ अशी तीन विजेतेपदे मिळवली. बॉस्टन २०२०, २०२२ आणि २०२३ मध्ये आपल्या गटात तळाशी होता. आणि सोटो? डिसेंबर २०२४ मध्ये मोकळा होऊन त्याने न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला.

या सर्वांतून आमच्या मते एवढे निघते. विकणाऱ्याला मिळणारा मोबदला खेळाडूच्या गुणापेक्षा त्याच्या बांधिलकीच्या उरलेल्या दिवसांवर जास्त ठरतो. दिवस जास्त उरले असतील तर मोबदला बरा, कमी उरले असतील तर तुटपुंजा. बदली मिळणारे तरुण कसे निघतील ही सोडत असते. सॅन डिएगोसारखा एखादाच मालक नेमकी गरज ओळखून सौदा साधतो. एरवी हा सौदा म्हणजे तोटा थोडा कमी करण्याची धडपड असते. कारण मालक जे विकतो ते कौशल्य नसते. कौशल्य खेळाडूच्या हातात आहे, ते त्याच्याबरोबरच जाते. मालकाकडे विकण्यासारखे एकच असते, ते म्हणजे त्या माणसाला बांधून ठेवण्याचा हक्क. तो हक्क बर्फासारखा रोज वितळतो.

सर्वांना एकाच दिवशी बाजारात

मिलर यांच्या डावपेचातली एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करावी अशी आहे. फिनली यांनी इतर मालकांना सल्ला दिला होता: सगळ्यांनाच दर वर्षी मोकळे करून टाका. हा सल्ला मालक ऐकतील की काय, याची मिलर यांना धास्ती वाटत होती. सगळे एकदम बाजारात आले की माल जास्त, गिऱ्हाइके तेवढीच, आणि भाव पडणार! म्हणूनच सहा वर्षांचे सूत्र त्यांना परवडले. दर वर्षी थोडेच मोकळे होतात आणि त्यांचा भाव सर्वांचा भाव वर ओढतो.

आयपीएलचा मोठा लिलाव पाहा. २०२४ मध्ये जेद्दाच्या यादीत ५७७ नावे होती. १८२ विकली गेली, ६३९ कोटी १५ लाखांना. प्रत्येक मालकाची खर्चमर्यादा १२० कोटी. पंतच्या २७ कोटींचा मथळा झाला, पण जवळजवळ ४०० जण न विकले जाता घरी गेले. त्यांत आपला पालघरचा शार्दूल ठाकूर होता.

शार्दूलची कहाणी पाहा. पालघरहून लोकलने मुंबईच्या मैदानांवर येऊन तो मोठा झाला. २०१७ मध्ये पंजाबने त्याला पुण्याला दिले. पुण्याचा तो संघ लखनौच्याच मालक समूहाचा होता. २०२२ मध्ये दिल्लीने त्याला १० कोटी ७५ लाखांना घेतले आणि त्याच वर्षाअखेर कोलकात्याला विकले. कोलकात्याने वर्षभरात सोडले. चेन्नईने ४ कोटी दिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये गिऱ्हाईकच नाही. मार्च २०२५ मध्ये मोहसीन खान जखमी झाला म्हणून लखनौने शार्दूलला २ कोटींत, आपल्या भाषेत बदली कामगार म्हणून, बोलावले. दुसऱ्याच सामन्यात त्याने हैदराबादविरुद्ध ३४ धावांत ४ बळी घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लखनौने त्याला त्याच २ कोटींना मुंबईला दिले. तीन वेळा एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलेला हा माणूस भारताकडून कसोटी खेळलेला आहे. त्याच्या कौशल्याचा भाव तीन वर्षांत १० कोटी ७५ लाखांवरून शून्यावर आणि तिथून २ कोटींवर आला. एवढे चढउतार हाताच्या कसबात होत नसतात, ते बाजाराच्या रचनेत असतात.

संमती कुणाची?

अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते, असे नियम सांगतो. हस्तांतराच्या रकमेतला निम्म्यापर्यंत वाटा त्याला मिळू शकतो, असेही हार्दिकच्या सौद्याच्या वेळी प्रसिद्ध झाले. पण रवींद्र जडेजाचे पाहा. २०१० मध्ये त्याने राजस्थान सोडून दुसऱ्या संघांशी स्वतः बोलणी केली म्हणून त्याला पूर्ण हंगाम बंदी झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईच्या मालकांनी त्याला सॅम करनसह राजस्थानला दिले आणि संजू सॅमसनला घेतले. या फेरफारात जडेजाचे वेतन १८ कोटींवरून १४ कोटींवर आले. कामगाराने दुसऱ्या मालकाशी बोलणे हा गुन्हा, आणि मालकाने दुसऱ्या मालकाशी बोलणे हा व्यवहार! हॅरी ब्रूक या इंग्रज खेळाडूने लिलावानंतर माघार घेतली तर मार्च २०२५ मध्ये त्याला दोन वर्षांची बंदी झाली.

कोट्यधीश खेळाडूंसाठी आम्ही अश्रू ढाळत नाही. पण हिशेब करून पाहा. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ मध्ये दहा संघांची खर्चमर्यादा मिळून १,२०० कोटी. वर सामन्यामागे साडेसात लाखांचे मानधन आले, ते संघामागे १२ कोटी ६० लाख. सर्व धरून प्रक्षेपणाच्या एकट्या उत्पन्नाच्या सुमारे १४ टक्के होतात. तिकिटे आणि जाहिराती वेगळ्याच. अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये खेळाडूंचा वाटा सामुदायिक कराराने ४९ ते ५१ टक्के ठरलेला आहे. फरक कशाचा? तिथे संघटना आहे. आपल्याकडे २०१९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन क्रिकेटर्स असोसिएशनचे सभासदत्व निवृत्त खेळाडूंना आहे. खेळत असलेल्या खेळाडूसाठी वाटाघाटीला बसणारे कुणी नाही.

आपल्यासाठी बोध

आता मैदान सोडून आपल्या खात्यात या. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने पूर्वांचल आणि दक्षिणांचल या वीज वितरण निगमांच्या खासगीकरणाचा बेत जाहीर केला, आणि वीज कर्मचारी रस्त्यावर उतरले. त्यांचा सवाल हाच होता की निगम विकताना आम्हालाही विकणार काय? सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या खटल्यात सांगितले आहे की सेवेचा करार व्यक्तिगत असतो, कर्मचाऱ्याच्या संमतीविना त्याला दुसऱ्या मालकाच्या ताब्यात देता येत नाही. हे तत्त्व प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे. पण जडेजाच्या उदाहरणावरून दिसते की एकट्याची संमती कागदावर राहते. सामुदायिक करारात लिहिलेली संमतीच टिकते.

दुसरी गोष्ट मुदतीची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीला कायद्याने जागा मिळाली. अमेरिकन बेसबॉलपटू मुदत संपण्याच्या तारखेची वाट पाहतो, कारण त्या दिवशी मालक त्याच्या दारात येतात. आपला मुदतीचा कामगार त्याच तारखेला भितो, कारण त्या दिवशी तो मालकाच्या दारात उभा असतो. तारीख दोघांचीही कॅलेंडरवरचीच. एकाच्या मागे पन्नास वर्षांचा सामुदायिक करार आहे, दुसऱ्याच्या मागे कुणी नाही. सगळ्या खात्याच्या मुदती एकाच दिवशी संपवण्याचा मालकाचा डाव दिसला, तर समजा की हा जेद्दाचा लिलाव आपल्या दारात आला.

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू या. मालक किंवा कंत्राटदार बदलला तरी सेवा अखंड धरली पाहिजे. हस्तांतरात वेतन घटता कामा नये. हस्तांतराचा करार संघटनेला दाखवला पाहिजे. मुदतीच्या कामगारांना संघटनेचे सभासद करून त्यांच्या मुदतवाढीचा प्रश्न सामुदायिक वाटाघाटीत आणला पाहिजे.

मुदतीआधीच्या विक्रीने विकणाऱ्याचे भले होते का, हा मालकांचा प्रश्न. त्याचे उत्तर वर दिले आहे: क्वचित, आणि तेही नशिबाने. आपला प्रश्न वेगळा आहे. विकणाऱ्याच्या हातात विकण्यासारखा हक्क राहू द्यायचा की नाही, हे आपल्या संघटनेच्या ताकदीवर ठरणार आहे. ज्या खात्यात मुदतीचे आणि कंत्राटी कामगार अजून संघटनेबाहेर आहेत, तिथे सभासद नोंदणीला उद्यापासूनच लागा.